गोमूत्र शिंपडल्यास गॅरंटी नाही

"देवावर माहा इश्वास नाही," असं आमचे ड्रॉइंगचे सर कोणालाही सांगत, आणि ऐकणारा खूश व्हायच्या किंवा चिडायच्या आत पुढचं वाक्य टाकत, "नाकावर हाय. नाक चुकलं का समदं चुकलं."

अशा या माणसाच्या ओसरीत नागपंचमी झाली की गावोगावच्या देव्या येऊन पडत. आमच्याकडे भाद्रपदात घरोघर महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा या दोघी बहिणी तीन दिवस माहेरपणाला येतात, सोळा भाज्या आणि आंबील खातात आणि परत जातात. धड अडणीचं, म्हणजे लोखंडी तिवईचं, साडी दरवर्षी नवी, मुखवटे मात्र आजेसासूच्या काळातले. उरलेलं वर्ष ते माळ्यावर काढतात आणि तिथे त्यांच्याकडे उंदराशिवाय कोणी फिरकत नाही. त्यामुळे कोणाची भुवई कुरतडलेली, कोणाच्या गालाचा पोपडा निघालेला, कोणाचं नाक धुरानं काळं झालेलं. असे मुखवटे दुरुस्त करणारा तेलंगणातल्या आमच्या भीमपूर मंडलात, म्हणजे तालुक्यात, एकच माणूस होता आणि तो बुद्धविहाराच्या गल्लीत राहत होता. देवीनं आपली सोय पाहिली, भक्तांची पाहिली नाही, असं म्हणायचं.

मी नेरडीगोंड्याहून बदली होऊन त्या शाळेत सायन्स शिकवायला आलो, तेव्हा सरांच्या शेजारचीच खोली मला मिळाली. मीही बौद्धच. आम्हा दोघांचे आजे ज्यांच्या शेतात कापूस वेचत, त्यांच्या नातवंडांना आता सर वर्तुळ काढायला शिकवत होते आणि मी ऑक्सिजन. शाळा मराठी माध्यमाची, हेडमास्तर तेलुगू, फॉर्म इंग्रजी आणि रागावणं हिंदीत. नदीपलीकडच्या महाराष्ट्रातले लोक आम्हाला तेलुगू समजत आणि इकडचे लोक महाराष्ट्राचे. या सगळ्यात सरांच्या शर्टाच्या खिशात तीन ब्रश असत आणि एकही पेन नसे. मस्टरवर सही करायला ते रोज माझा पेन मागत आणि रोज त्याच्या निबेला नावं ठेवत.

चूक कबूल करणं हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. एकदा त्यांनी माझ्या आठवीच्या वर्गासाठी मानवी शरीराचं मोठं चित्र काढून दिलं. चित्र देखणं होतं, पण हृदय त्या माणसाच्या उजवीकडे गेलं होतं. मी भीत भीत दाखवलं. सरांनी चित्राकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हा मानूस आरशात पाहून राह्यला." एवढं म्हणून त्यांनी चित्राखाली सुंदर अक्षरात 'आरशातील प्रतिबिंब' असं लिहून टाकलं. ते चित्र अजून आमच्या वर्गात आहे. इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांनी त्या कल्पकतेचं कौतुकही केलं होतं.

दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक जोडीची त्यांनी एका जुन्या हजेरीपटात नोंद ठेवली होती. नोंद दवाखान्यातल्या कागदासारखी. 'खालची आळी, विहिरीजवळचे. ज्येष्ठा : डावी भुवई उंदराने खाल्ली. कनिष्ठा : प्रकृती ठीक, मात्र ओठांना कोणीतरी नेलपॉलिश लावले आहे. ताकीद द्यावी.' मुखवटे ओसरीत स्टीलच्या ग्लासांवर ओळीनं बसवलेले असत. सर शाळेतून आले की चहाच्या आधी त्या ओळीपुढून एक फेरी मारत. देवावर विश्वास असलेली माणसंही देवाकडे इतकं निरखून पाहत नाहीत.

गाठोडं यायचं ते मागच्या दारानं. घरचा गडी आणून बाजेवर ठेवायचा, "मालकीनबाईनं सांगतलं, यंदा गोरी करजा," एवढं बोलून पाणीही न पिता निघून जायचा. पाहुण्यारावळ्यांना घरी सांगायचं, 'आदिलाबादवरून करून आणल्या.' आदिलाबाद आमच्या गल्लीत तिसऱ्या घरात आहे हे साऱ्या गावाला माहीत होतं, पण झाकली मूठ सव्वा लाखाची. बायका स्वतः कधी येत नसत. त्यांच्या सूचना मोबाइलवर येत. कोणी सीरियलमधल्या देवीचा फोटो पाठवी, कोणी नुसतेच गुलाबी गाल. व्हॉट्सअ‍ॅपला विटाळ नसतो, ही त्याची मोठी सोय आहे.

सर फोटो पाहत आणि मान हलवत. "हे बाई सोळा भाज्या पचवू शकन का? वारा सुटला तं उडून जाईन." गोऱ्या रंगाची मागणी ते ज्वारीच्या पिठाच्या रंगापर्यंत मान्य करत, त्यापुढे नाही. हसरा चेहरा कोणी मागितला तर सरळ नकार. त्यांचं एक शास्त्र होतं. "माहेरी आलेली बाई हाय. पयल्या दिवशी थकूनच येते. डोयाखाली थोडं काळं पाह्यजेच. तिसऱ्या दिवशी पाह्यजा, बरी दिसन." आणि बायका खरंच म्हणत की तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांचा चेहरा खुलतो. यात देवीचा वाटा किती, सरांचा किती आणि पुरणपोळीचा किती, हे मी सायन्सचा माणूस असूनही ठरवू शकलो नाही.

आमच्या लोकांना अर्थातच हे पसंत नव्हतं. विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष तहसीलीतून रिटायर झालेले कारकून होते. कोणतीही गोष्ट लेखी दरखास्तीशिवाय त्यांना घडल्यासारखीच वाटत नसे. ते एक दिवस कागद घेऊन आले. मी ओसरीतच होतो.

"सर, तुमी बावीस प्रतिज्ञा घेतल्या ना? मंग हे काय करून राह्यले?"

"पूजा करून राह्यलो का?"

"हात तं लावून राह्यले."

"डॉक्टर पाटलाच्या तोंडात हात घालते. मंग तो पाटील होते का?"

अध्यक्षांनी कागदाची घडी करून खिशात घातली. ते उठायला लागले तर सर म्हणाले, "बसा ना. तुमच्या विहारातल्या मूर्तीचं नाक बी बसकं हाय. आनून देजा, नीट करून देतो." त्यानंतर सर हे काम सोडत नाहीत तोवर त्यांच्याशी न बोलण्याचा ठराव कमिटीनं केला. एकमतानं मंजूर होऊन शेवटपर्यंत पाळला गेलेला कमिटीचा तेवढाच ठराव मला आठवतो.

आता गोमूत्राचं सांगतो. रंगवलेली देवी घरी गेली की तिच्यावर गोमूत्र शिंपडत, म्हणजे आमच्या सरांचा हात निघून जाई आणि सरांनी काढलेलं नाक तेवढं राही. हे सरांना कोणी सांगावं लागलं नाही. एका वर्षी त्यांनी प्रत्येक मुखवट्याच्या आतल्या बाजूला आपल्या वळणदार अक्षरातला एक कागद चिकटवायला सुरुवात केली. 'सूचना. एक, उन्हात ठेवू नये. दोन, ओल्या फडक्याने पुसू नये. तीन, गोमूत्र शिंपडू नये. शिंपडल्यास गॅरंटी नाही.'

गावात वरच्या आळीपासून खालच्या आळीपर्यंत शांतता पसरली. जी गोष्ट त्यांच्यासमोर कोणी कधी बोललं नव्हतं ती देवीच्या डोक्याच्या आत लिहून आली होती. यात खोच होती तसं रसायनशास्त्रही होतं. सर पाण्यात कालवलेल्या रंगानं चेहरा रंगवत आणि वर स्पिरिटमध्ये भिजवलेल्या चपडा लाखेचं वार्निश मारत. ते दोन-चार थेंब पाण्याला दाद देत नाही, पण शिळ्या गोमूत्रात अमोनिया असतो आणि अमोनियापुढे लाख विरघळते. हे मी त्यांना मोठ्या उत्साहानं समजावून सांगितलं.

"मले वीस वर्सापासून मालूम हाय," सर म्हणाले. "तुमी आता पुस्तकात वाचून राह्यले."

"मग ऑइल पेंट काऊन नाही लावत?"

"बसच्या पत्र्यावानी चमकते. देवी हाय का एक्सप्रेस हाय?"

शिवाय लोकांना तक्रार करायची सोय उरली नाही. रंग गेला म्हणून यायचं तर आधी शिंपडलं हे तोंडानं कबूल करायचं. अवघड जागेचं दुखणं. शेवटी गावानं आपसात तोड काढली. गाठोडं सोडायच्या आधी वरच्या कापडावर दोन थेंब शिंपडायचे. कापड पवित्र, देवी कोरडी. धर्मही राहिला आणि गॅरंटीही. सरांना तेही कळलं, आणि ते त्यावर फक्त हसले. मला वाटतं, आयुष्यात त्यांनी मिळवलेला तो सगळ्यात मोठा विजय होता आणि त्याची वाच्यता त्यांना कुठेच करता येत नव्हती, म्हणून ते मला तो आठवड्यातून एकदा तरी सांगत.

वरच्या आळीत एक मोठं घर होतं. कापूस आणि सोयाबीनवाले, दाराशी ट्रॅक्टर. घरच्या मालकिणीला सारं गाव मोठ्या बाई म्हणे. त्यांच्या मुलाचं उन्हाळ्यात लग्न झालं. सून शेजारच्या गावची, आठवी ते दहावी आमच्याच शाळेत सायकलवर येऊन शिकलेली. दरवर्षी मोठ्या बाई गाठोड्यावर स्वतःच्या हातानं दोन थेंब शिंपडत. त्या वर्षी त्यांचे गुडघे धरले होते. बसल्या जागेवरून त्यांनी सुनेला सांगितलं, "देवीवर शिंपडून घे." गावाची तोड नव्या सुनेला कोण सांगणार? तिनं गाठोडं सोडलं, आंब्याची डहाळी भांड्यात बुडवली आणि दोघी बहिणींना चांगलं न्हाऊ घातलं. सांगितलेलं काम तिनं चोख केलं, एवढाच तिचा गुन्हा.

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण. तेलंगणात त्या दिवशी सुट्टी नसते, त्यामुळे शाळा भरली होती, म्हणजे मास्तर भरले होते. पोरं घरोघरी पुरणावर होती. सर सहा पोरांना वर्तुळ शिकवत होते आणि मी दारात उभा राहून गप्पा मारत होतो, तेवढ्यात मोठ्या घरचा मुलगा मोटारसायकलवर आला. नव्या धोतराच्या सोग्याला गुलाल, आणि चेहरा पांढराफटक.

"सर, घरी या लागते."

"कोनाच्या?"

"आमच्या."

सरांनी खडू खाली ठेवला. "पुन्हा सांगजा."

"आमच्या घरी." त्यानं सोग्यानं घाम पुसला. "कनिष्ठेच्या डोयातून काजळ वाहून राह्यलं. गालावर आलं. समद्या बाया म्हनते, देवी रडली. सुनेचं पयलं वर्ष अन् देवी रडली. आत्या तं म्हनते, पोरगी पायगुणाची नाही, हिच्या बापाले बलावा अन् आजच घेऊन जा म्हना. बापाले फोन बी केला त्याईनं."

"मुखवटा इकळे घेऊन या."

"बसवली हाय ना सर. एकडाव बसवली का तिसऱ्या दिवसालोक हालवत नाही."

हे खरं होतं. बसवलेल्या महालक्ष्मीला विसर्जनापर्यंत जागेवरून कोणी उठवत नाही. म्हणजे इतकी वर्षं देवी आमच्या गल्लीत येत होती, आता आमच्या गल्लीला देवीकडे जावं लागणार होतं. सरांनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

"शिंपडलं?"

मुलगा जमिनीकडे पाहत राहिला. "आईनं सांगतलं होतं. तिनं डहाळीनं शिंपडलं. वाटीभर तं असनच."

मला वाटलं, सर आता हसतील. सूचना तीन. पण ते उठले. त्यांनी कपाटातून रंगाची पेटी काढली. हेडमास्तरांकडे परवानगी मागायला गेलो तर ते म्हणाले, "अम्मवारू का, देवी का मामला है सार, जाओ, जाओ. और प्रसादम लाना." मला कोणी बोलावलं नव्हतं, तरी मी तिसरा म्हणून मोटारसायकलवर बसलो. कशाला, तर गंमत पाहायला. खोटं कशाला सांगू?

घर आलं तशी मुलानं सवयीनं गाडी गोठ्याकडच्या बोळात वळवली. सर समोरच्या दाराशीच उतरले.

"देवी कोन्या दारानं आली?"

"समोरच्या."

"मंग तिचा डॉक्टर बी समोरूनच येईन."

उंबऱ्यापासून आतपर्यंत कुंकवाची पावलं काढलेली होती. सर चपला काढून त्यांच्या कडेकडेनं गेले, एकाही पावलावर पाय पडू दिला नाही. मध्येच थांबून वाकले. "पावलं बरी हायेत. अंगठा बरोबर वळला. कोनी काढली?"

"तिनंच," मुलगा म्हणाला.

आत बायकांनी पदर सावरले आणि अशा बाजूला सरकल्या की बैलगाडी जावी इतकी वाट झाली. कनिष्ठेचा डावा गाल काळ्या ओघळानं भरला होता. भुवई उतरून पापणीवर आली होती. बाजूला ज्येष्ठा त्या मानानं ठीक होती. सून स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होती. सकाळपासून तिला चुलीजवळ येऊ दिलं नव्हतं, देवीजवळही नाही, म्हणून ती मधल्या दारात होती. तिच्या हातावर सकाळी भिजवलेलं बेसन वाळून तसंच राहिलं होतं आणि तेही धुवायचं तिला सुचलं नव्हतं. मी तिला लगेच ओळखलं. सरांनी तर तिचा हजेरी नंबरही सांगितला असता.

सर कनिष्ठेसमोर बसले आणि त्यांनी आपलं नाक तिच्या नाकाजवळ नेलं. मला तीन हातांवरूनही गोमूत्राचा वास येत होता. मोठ्या बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"मास्तर, खरं सांगजा," त्या म्हणाल्या. "हे काय हाय? अपशकुन हाय का?"

खोलीत वीस-पंचवीस माणसं होती. मी मनातल्या मनात टाळ्यांची तयारी केली. ही वेळ सरांसाठीच आली होती. 'कागद वाचला नाही का?' एवढं एकच वाक्य म्हणायचं होतं, आणि ते त्यांच्याकडे कित्येक वर्षं घासून-पुसून ठेवलेलं होतं. तेही समोरच्या दारानं आत येऊन, त्यांच्या देवीपुढे बसून, त्यांच्या तोंडावर.

सरांनी चष्मा पुसला. पुसता पुसता एकदा मधल्या दाराकडे पाहिलं.

"माही चूक हाय," ते म्हणाले.

मला आधी वाटलं, मी काहीतरी भलतंच ऐकलं.

"स्पिरिट जुनं होतं. वार्निश बिघडलं. दमट हवा लागली अन् सुटलं. देवी रडली-बिडली नाही, रंग वाह्यला."

"म्हंजे पोरीच्या हातानं..." आत्यानं सुरू केलं.

"पोरीचा काय संबंध? तिनं हात नसता लावला तरी वाह्यला असता. काम माहं हाय, बिघडलं बी माह्याच हातानं."

मोठ्या बाईंना वास येत नव्हता असं नाही. त्यांनी सरांकडे पाहिलं, मग सुनेकडे, मग पदर नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "मंग ठीक हाय." सगळ्या खोलीनं एकदम श्वास सोडला. कोणाचा तरी गुन्हा निघाला होता आणि तो घरातला नव्हता, याहून चांगली बातमी सणाच्या दिवशी कोणती असणार? मागून एक बाई बोललीच, "म्या तं म्हनतच होती, त्याईच्या हातचं कशाले आनता, फायबरच्या भेटते आदिलाबादले." ती आपलं बोलणं सरांना ऐकू जाईल इतपतच हळू बोलली.

सरांनी पेटी उघडली. "मले एक मानूस लागन. त्या पोरीले पाठवा. तिले रंग समजते, माही विद्यार्थी हाय."

कोणी नाही म्हणालं नाही, कारण नाही म्हणण्याचं कारणच सरांनी काढून घेतलं होतं. ती हात धुऊन आली आणि वाटी धरून बसली. सरांनी स्पिरिटच्या बोळ्यानं गाल साफ केला, ज्वारीच्या पिठाचा तो रंग पुन्हा कालवला, पापणी उचलली. तासभर त्या खोलीत दोघंच बोलत होते, तेही रंगाचं. मग त्यांनी शून्य नंबरचा ब्रश तिच्या हातात दिला.

"भुवई तू काढ."

"मी नको सर."

"श्वास धरून ठेव अन् एका दमात ओढ. आठवीत बी तुले घाईच होती."

इतक्या वर्षांत मला त्यांनी रंगाची वाटी धुवायलाही दिली नव्हती. तिनं श्वास धरला आणि भुवई ओढली. सरांनी ती पाहिली, आणि काही बोलले नाहीत. त्यांच्या हिशेबात ती शाबासकी होती. मग उठता उठता त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "अजून ओलं हाय. विसर्जन होईलोक हिच्यावर थेंब बी पडू देऊ नका. कशाचाच."

आम्ही बाहेर पडलो तेव्हा तिचा बाप घाईघाईनं फाटकातून आत येत होता. चेहऱ्यावर घाम, हातात रिकामी पिशवी, बहुधा मुलीचे कपडे न्यायला आणलेली. मोठ्या घरच्या मुलानं त्याला हाताला धरून पंगतीत नेऊन बसवलं. मागे सासरेबुवा तांब्या घेऊन आमच्या पावलांवर शिंपडत उंबऱ्यापर्यंत आले होते. सरांनी वळून पाहिलं. "जमिनीवर खुशाल शिंपडा. तिथं माहा रंग नाही."

परत येताना आम्ही पायीच आलो. मला इतका राग आला होता की प्रसाद मागायचाही राहून गेला.

"एक वाक्य बोलायचं होतं सर. फक्त एक."

"बोललो असतो तं कोनाचा हात चुकलेला निंघाला असता?"

"तिचा. पण तिला सासूनंच सांगितलं होतं ना."

"सासू म्हनली असती, म्या दोन थेंब सांगतले होते. मंग?" त्यांनी पेटी दुसऱ्या हातात घेतली. "तुमी सायन्सवाले कारन पाह्यता. घरातले लोक कारन नाही पाह्यत, हात पाह्यते." आणि मग, शाळेचं फाटक आल्यावर, "तुमाले बी कोनी इचारलं तं हेच सांगजा. स्पिरिट जुनं होतं."

मी सांगितलं. पुढच्या श्रावणात लोकांनी विचारलंच, कारण मी सायन्सचा. 'काहो सर, त्याईचं वार्निश खरंच बिघडते का?' मी गंभीर चेहरा करून सांगायचो की जुन्या स्पिरिटमध्ये लाख नीट विरघळत नाही, थर कच्चा राहतो, दमट हवेत सुटतो. माझं स्पष्टीकरण लोकांना फार पटे. त्या श्रावणात सरांच्या ओसरीत दोनच गाठोडी आली, आणि त्याच्या पुढच्या श्रावणात एकही नाही. गावात फायबरचे मुखवटे आले, गुलाबी गालांचे, पहिल्या दिवसापासून हसणारे, सगळ्यांचं नाक एकाच साच्यातलं. त्यांच्यावर गोमूत्र शिंपडा, नाहीतर पाइपनं धुवा, काही होत नाही. अध्यक्षांनी सरांशी पुन्हा बोलणं सुरू केलं. सर श्रावणात रिकाम्या ओसरीत बसत आणि रस्त्यानं जाणाऱ्यांच्या नाकांवर शेरे मारत. मी एकदा म्हटलं, सर, आता तरी खरं सांगू द्या. ते म्हणाले, पोरीले अजून मूल-बाळ नाही, सासू धडधाकट हाय, तुमी तोंड बंद ठेवजा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पाहिलं, आणि माझ्या पेनाच्या निबेवर घसरले.

रिटायर झाल्यावर ते उटनूरला गेले. त्यांचा मुलगा तिथल्या आदिवासी विकासाच्या ऑफिसात आहे. तिथेच ते वारले. मी गेलो होतो.

यंदा जूनमध्ये मोठ्या घरची ती सून शाळेत आली, मुलीचं नाव घालायला. कमरेला किल्ल्या होत्या. मोठ्या बाई अंथरुणाला खिळल्या आहेत, आत्या आता राहिल्या नाहीत. फॉर्म भरून झाल्यावर तिनं तो माझ्याकडे सरकवला.

"सर, एक इचारू का? त्या वर्षी खरंच वार्निश बिघडलं होतं?"

हेडमास्तर समोर होते, तिची मुलगी खिडकीशी होती, आणि माझ्या तोंडाला इतक्या वर्षांची सवय होती. मी म्हणालो, "हो बाई. स्पिरिट जुनं होतं." तिनं माझ्याकडे पाहिलं, बरं म्हणाली आणि मुलीचा हात धरून गेली. सरांना दिलेला शब्द मी पाळला, आणि शब्द पाळून इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

आता तिला त्या घरातून कोणी पाठवू शकत नाही, आणि सर मला गप्प बसवायला नाहीत. म्हणून लिहून टाकतो, ती वाचेलच. बाई, तुझ्या हातात काही वाईट नव्हतं, तू सांगितलं तेवढंच केलंस. आणि स्पिरिटची बाटली त्या महालक्ष्म्यांच्या आधी पंधरा दिवस मीच आदिलाबादहून आणून दिली होती, नवी, सीलबंद. वार्निश चांगलं होतं.